उत्तर आलं नाही म्हणजे शत्रूच, असं नाही

२७ फेब्रुवारी २०१९ च्या सकाळी श्रीनगरहून उडालेलं हवाई दलाचं एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टर बडगामजवळ कोसळलं. आतले सहाही जण गेले आणि खाली जमिनीवर असलेला एक नागरिकही गेला. बालाकोटचा हल्ला आदल्याच दिवशी झाला होता. त्या सकाळी पाकिस्तानी विमानं नियंत्रण रेषेवर आली होती आणि नौशेराच्या बाजूला हवेत झुंज पेटली होती. गेलेल्यांमध्ये नाशिकचे एक स्क्वाड्रन लीडर होते. सुरुवातीला सगळ्यांनाच हा अपघात वाटला. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी जाहीरपणे सांगितलं की हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं आणि ती मोठी चूक होती.

तेव्हा अनेकांनी कळवळून एकच प्रश्न विचारला होता: आजच्या काळात आपलंच हेलिकॉप्टर आपल्याला ओळखू येऊ नये? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर नीट समजून घेण्यासारखं आहे. ओळख पटवणारं यंत्र ऐंशी वर्षांपासून वापरात आहे. मात्र ते यंत्र नेमकं काय सांगतं आणि काय सांगू शकत नाही, याबद्दल आपल्या मनात बराच गोंधळ असतो.

या यंत्राला आयएफएफ म्हणतात. 'मित्र की शत्रू याची ओळख' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं. माझ्या मते सगळा घोळ या नावापासूनच सुरू होतो. हे यंत्र मित्र ओळखतं, शत्रू ओळखत नाही. प्रश्न पाठवल्यावर बरोबर उत्तर आलं, तर समोरचा आपला. नाही आलं, तर समोरचा 'अनोळखी', एवढंच. तो शत्रू असेल. किंवा आपलाच असेल, पण त्याचं यंत्र बिघडलं असेल, बंद असेल, त्यात कालची किल्ली (म्हणजे रोज बदलणारा गुप्त संकेत) राहिली असेल, किंवा वळताना अँटेना त्याच्याच पंखाआड गेला असेल. मित्रदेशाचं विमान असेल, प्रवासी विमान असेल. या सगळ्यांचं उत्तर रडारवर बसलेल्या माणसाला सारखंच ऐकू येतं: शांतता. त्या शांततेचा अर्थ त्याला स्वतःला लावावा लागतो, तोही काही सेकंदांत. बडगामच्या चौकशीबद्दल ज्या बातम्या आल्या त्यांत दोन गोष्टी ठळक होत्या. हेलिकॉप्टरवरचं आयएफएफ बंद होतं, आणि हेलिकॉप्टरमधले व जमिनीवरचे यांच्यात नीट संपर्क नव्हता.

मुळात ही गोष्ट रडारच्याही खूप आधीची आहे. रात्रीच्या पहाऱ्यावरचा जवान अंधारात चाहूल लागली की दरडावतो, "थम! कौन आता है?" इंग्रजी अमदानीत हाच प्रश्न इंग्रजीतून विचारायचे आणि 'हू कम्स देअर'चं आपल्या शिपायांच्या तोंडी 'हुकुमदार' होऊन गेलं. समोरच्याने परवलीचा शब्द सांगितला की वाट मोकळी. परवलीचा शब्द रोज बदलतो, कारण तो एकदा मोठ्याने उच्चारला की झुडपाआडून कुणीही ऐकू शकतो. हा दोष लक्षात ठेवा. पुढची सगळी यंत्रं याच दोषाशी झगडत आली आहेत.

दुसरा जुना उपाय म्हणजे अंगावरची खूण. ती किती कच्ची असते हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. १६६३ मध्ये शाइस्तेखानाच्या पुण्यातल्या छावणीत मोगलांच्या चाकरीतल्या मराठ्यांची एवढी वर्दळ होती, की महाराजांची माणसं त्यांच्यात मिसळून थेट लाल महालापर्यंत पोचली. पानिपतच्या हकिगतींमध्ये याच्या अगदी उलटा प्रसंग येतो. कुंजपुऱ्याच्या लढाईनंतर मराठ्यांकडे आलेले अफगाण लढाईत शत्रूच्या अफगाणांहून वेगळे दिसावेत म्हणून त्यांच्या डोक्याला भगवी फडकी बांधली होती. लढाई फिरताच त्यांनी ती फडकी काढून फेकली, आणि शत्रू आपल्या फौजेत घुसला असं वाटून मराठ्यांमध्ये एकच गोंधळ उडाला. फडकं कुणालाही बांधता येतं आणि कुणालाही सोडता येतं.

तरीही खुणेचा उपयोग होतो, ती अचानक आणि थोड्या वेळासाठी वापरली तर. जुलै १९४३ मध्ये सिसिलीवर रात्री छत्रीसैनिक घेऊन निघालेल्या १४४ अमेरिकी विमानांवर खालच्या त्यांच्याच जहाजांनी आणि तोफांनी गोळीबार केला. २३ विमानं पडली, ३७ जायबंदी झाली. पुढच्या वर्षी नॉर्मंडीच्या वेळी हे पुन्हा होऊ नये म्हणून दोस्तांच्या हजारो विमानांवर तीन पांढरे आणि दोन काळे असे जाड पट्टे रंगवले गेले. रंगवले तेही अगदी आयत्या वेळी, जर्मनांना नक्कल करायला उसंत मिळू नये म्हणून.

आता रडार. रडार एक लहर सोडतं, ती विमानावर आपटून परत येते आणि पडद्यावर ठिपका उमटतो. ठिपक्यावरून अंतर कळतं, दिशा कळते, पण तो कुणाचा हे कळत नाही. दुसरं महायुद्ध सुरू होऊन ब्रिटनला जेमतेम तीन दिवस झाले होते. ६ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी ब्रिटिशांचीच दोन हरिकेन विमानं पाडली. त्या युद्धात मेलेला पहिला ब्रिटिश लढाऊ वैमानिक असा स्वकीयांच्या गोळीने गेला. नुसत्या ठिपक्यावर विसंबून चालणार नाही हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. मग विमानात एक छोटा पेटारा बसवला जाऊ लागला. रडारची लहर आली की तो स्वतःहून एक खुणेची लहर परत पाठवतो. याला ट्रान्सपॉन्डर म्हणतात. विमान १५० किलोमीटरवर असेल तर प्रश्न जाऊन उत्तर यायला एक मिलिसेकंद पुरतो.

यातही लगेच एक खोट निघाली. उत्तर देणं म्हणजे आपण कुठे आहोत ते ओरडून सांगणं. रात्री ब्रिटिश बाँबफेकी विमानांवर झडप घालणाऱ्या जर्मन विमानांमध्ये अशीच ओळख-यंत्रं होती. १९४४ मध्ये ब्रिटिशांनी 'परफेक्टॉस' नावाचं उपकरण बनवलं. ते जर्मन रडारच्या आवाजात हाक मारायचं, बिचारं जर्मन यंत्र इमानदारीने 'मी इथे आहे' म्हणायचं, आणि ब्रिटिशांचं मॉस्किटो विमान त्या उत्तराच्या रोखाने जाऊन त्याला गाठायचं. ब्रिटिशांचंही असंच झालं होतं. त्यांचे काही वैमानिक शत्रूच्या मुलखावर यंत्र चालूच ठेवत आणि जर्मन रडार त्या उत्तरांवरून त्यांचा माग काढत. युद्धात वैमानिक आयएफएफ बंद का करतात, याचं कारण इथे आहे. त्यामागे दरवेळी निष्काळजीपणा नसतो.

म्हणजे प्रश्न विचारणाराही आपलाच आहे याची खात्री पटल्याशिवाय उत्तर देता कामा नये. शिवाय उत्तर चोरून ऐकलं तरी ते दुसऱ्यांदा चालता कामा नये. तुमच्या मोबाइलवर येणारा ओटीपी आठवा. दरवेळी वेगळा, एकदा वापरला की बाद. आयएफएफची युक्ती याच कुळातली आहे. समजा सकाळी आपण दोघांनी कानात ठरवलं: आजची किल्ली ७. मी कुठलाही आकडा म्हणेन, तू त्यात ७ मिळवून सांग. मी १२ म्हटलं, तू १९ सांगितलंस. पुढच्या वेळी मी ४० म्हणेन, तेव्हा १९ हे उत्तर कुचकामी. किल्ली कधीच उच्चारली जात नाही. अर्थात इतकं सोपं गणित चोराला एकदा ऐकूनच उलगडेल. म्हणून खऱ्या यंत्रातलं गणित असं गुंतागुंतीचं असतं की शेकडो प्रश्नोत्तरं ऐकूनही किल्लीचा पत्ता लागू नये.

पश्चिमी देशांच्या 'मोड ४' या पद्धतीत हेच होतं. प्रश्न १०३० मेगाहर्ट्झवर जातो, उत्तर १०९० वर येतं. उत्तरात काय असतं? फक्त तीन ठोके. गंमत त्यांच्या वेळेत आहे. हे ठोके सोळा ठरावीक क्षणांपैकी कुठल्या क्षणी द्यायचे, ते प्रश्न आणि किल्ली मिळून ठरतं. तोतयाने अंदाजाने ठोका मारला तर तो सोळात एकदा बरोबर येईल. म्हणून प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. सलग चार वेळा अंदाज बरोबर येण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये एक. किल्ली दररोज बदलते, जमिनीवर विमानात भरली जाते, आणि बरोबर उद्याचीही भरून ठेवतात. ठरलेल्या घटकेला वैमानिक आजच्यावरून उद्याच्यावर जायला विसरला, की तो स्वकीयांच्या नजरेत अनोळखी.

गणित पक्कं असूनही काय होऊ शकतं, हे १४ एप्रिल १९९४ ला उत्तर इराकवर दिसलं. अमेरिकेच्या दोन एफ-१५ विमानांनी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली आणि २६ माणसं मेली. हवाईबंदीच्या क्षेत्रात शिरताना एक सांकेतिक क्रमांक बदलायचा होता, हेलिकॉप्टरवाल्यांकडे बाहेरचाच क्रमांक राहिला. गुप्त किल्लीच्या प्रश्नाला क्षणभर होकार आला आणि मग काहीच आलं नाही. मग वैमानिकांनी जवळून उडत डोळ्यांनी पाहिलं. हेलिकॉप्टरांवर अमेरिकी झेंडे रंगवलेले होते. पण बाजूला लावलेल्या जादा इंधनटाक्यांमुळे त्यांची बाह्यरेषा रशियन बनावटीच्या हाइंड हेलिकॉप्टरसारखी भासली, आणि वैमानिकांना तेच दिसलं. ही घटना वाचताना मला दरवेळी सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की त्या आकाशावर लक्ष ठेवणारं त्यांचंच टेहळणी विमान वर उडत होतं आणि हेलिकॉप्टरं तिथे असल्याची नोंद त्या विमानात आधीच झालेली होती. माहिती होती, फक्त बंदुकीच्या खटक्यापाशी बसलेल्या माणसापर्यंत ती पोचली नाही.

आकाश तरी मोकळं असतं आणि तिथले ठिपके मोजके असतात. जमिनीवरच्या सैनिकाची अडचण कितीतरी मोठी. धूळ, धूर, झाडी, भिंती, आणि हजारो माणसं. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेचे ३५ सैनिक स्वकीयांच्या माऱ्याने गेले, म्हणजे लढाईत मेलेल्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा. त्याच युद्धात दोन अमेरिकी ए-१० विमानांनी ब्रिटिशांच्या दोन चिलखती गाड्या उडवल्या आणि नऊ तरुण सैनिक मेले. गाड्यांवर उलट्या व्ही आकाराची खूण रंगवायची आणि वर भडक नारिंगी कापड अंथरायचं असा रिवाज होता. पण उंचावरून वेगाने जाणाऱ्या विमानातून ते दिसेलच असं नाही. रणगाड्यातल्या तोफचीला उष्णता दाखवणाऱ्या दुर्बिणीतून रात्री समोर दिसतो तो एक तापलेला गोळा. इंजिन गरम, चाकं गरम. तोफ जितक्या लांब मारा करते, तितक्या लांबून तो गोळा कुणाचा हे सांगता येत नाही. शस्त्राची पोच वाढली, नजरेची ओळख मागे राहिली.

यावर निघालेले काही उपाय अगदी साधे आहेत आणि मला ते फार आवडतात. गाडीवर एक विशिष्ट थर दिलेला पत्रा लावतात. तो स्वतःची उष्णता बाहेर टाकत नाही, थंड आकाशाचं प्रतिबिंब दाखवतो. उष्णतेच्या दुर्बिणीतून गरम गाडीवर थंड चौकोन उमटतो, आणि नुसत्या डोळ्यांना त्यात काही विशेष दिसत नाही. सैनिकासाठी अंगठ्याएवढा दिवा असतो, नऊ व्होल्टच्या साध्या बॅटरीच्या डोक्यावर बसवायचा. तो अवरक्त प्रकाशात लुकलुकतो. अवरक्त म्हणजे काय ते घरी पाहता येईल. टीव्हीचा रिमोट जुन्या मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्यांना काही दिसत नाही, पण मोबाइलच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाला जांभळट ठिणगी चमकते. सैनिकाच्या खांद्यावरचा दिवा रात्रीच्या चष्म्यातून असाच दिसतो. पूर्वी असे चष्मे थोड्याच फौजांकडे होते, तोवर हा दिवा म्हणजे गुपित होतं. आता शत्रूकडेही ते सर्रास असतात, आणि तोच दिवा त्याला नेम धरायला बरा पडतो.

मग आयएफएफची युक्ती बंदुकीवर का बसवू नये? तसे प्रयोग झाले आहेत. बंदुकीच्या नळीला लेझर, समोरच्याच्या शिरस्त्राणावर लेझर पकडणारे छोटे डोळे. नेम धरून बटण दाबलं की लेझरमधून सांकेतिक प्रश्न जातो. समोरचा आपला असेल तर त्याच्या अंगावरचा रेडिओ 'आपला' असं उत्तर देतो. लेझर निवडण्याचं कारण सरळ आहे: त्याची रेघ बारीक असते, ज्याच्यावर नेम आहे त्यालाच प्रश्न पोचतो, सगळी पलटण एकदम ओरडत नाही. रणगाड्यांसाठी हेच काम मिलिमीटर लहरी करतात, कारण त्या धुरातून आणि धुळीतून जातात.

हे घरोघरी, म्हणजे पलटणोपलटणी, का पोचलं नाही? वजन, बॅटरी आणि पैसा ही कारणं आहेतच. खरी मेख वेगळी आहे. अशी यंत्रं निम्म्या सैन्याकडेच असली तर उरलेला निम्मा भाग जास्त धोक्यात येतो. यंत्र हाताशी असलेल्या सैनिकाला 'उत्तर नाही म्हणजे शत्रू' अशी सवय लागते, आणि समोर यंत्र न मिळालेली आपलीच तुकडी असते. शेजारच्या मित्रदेशाच्या तुकडीचंही तेच. आणि भिंतीआडून डोकावणाऱ्या गावकऱ्याच्या डोक्यावर लेझर पकडणारे डोळे कधीच नसणार.

म्हणून दुसरी वाट धरली गेली: समोरच्याला विचारत बसण्याऐवजी आपले सगळे कुठे आहेत ते नकाशावर ठेवायचं. २००३ मध्ये इराकमध्ये अमेरिकी गाड्यांत असे पडदे होते. प्रत्येक गाडी उपग्रहामार्फत आपली जागा कळवते आणि इतरांच्या पडद्यावर निळं चिन्ह उमटतं. फार उपयोगाची गोष्ट, फक्त चिन्ह असतं थोडं मागच्या वेळेचं. ताशी ४० किलोमीटरने धावणारी गाडी पाच मिनिटांत तीन किलोमीटरहून पुढे गेलेली असते. आणि यंत्राची एखादी छोटी सवयही जिवावर उठते. ५ डिसेंबर २००१ ला अफगाणिस्तानात एका अमेरिकी तुकडीतल्या सैनिकाने जीपीएस यंत्राची बॅटरी बदलली. यंत्र पुन्हा सुरू झालं तेव्हा त्यावर लक्ष्याचे आकडे उरले नव्हते, ते स्वतःच्याच जागेचे आकडे दाखवत होतं. तेच आकडे विमानाला कळवले गेले आणि सुमारे ९०० किलोंचा बाँब त्यांच्याच अंगावर आला. तीन अमेरिकी सैनिक आणि त्यांच्या सोबतचे अफगाण लढवय्ये मेले. पुढे अफगाणिस्तानचे अध्यक्ष झालेले हमीद करझाई तिथेच होते, ते थोडक्यात वाचले.

युक्रेनमध्ये तर काळ उलटा फिरल्यासारखा झाला. दोन्ही बाजूंना तेच टी-७२ रणगाडे, तीच सुखोई आणि मिग विमानं, बरेचसे सारखेच गणवेश. २०२२ मध्ये तिथे सैनिक दंडाला रंगीत चिकटपट्टी गुंडाळून लढत होते, आणि रशियन गाड्यांवर पांढऱ्या रंगात झेड अक्षर होतं. दंडावरची ती चिकटपट्टी पाहिली की पानिपतावरची फडकी आठवतात.

भारतापुढचं कोडं आणखी निराळं आहे. आपल्याकडे रशियन सुखोई आहेत, फ्रेंच राफेल आणि मिराज, अमेरिकी अपाचे, देशी तेजस. बडगामला सुटलेलं क्षेपणास्त्र इस्रायली बनावटीच्या स्पायडर यंत्रणेतलं होतं आणि हेलिकॉप्टर रशियन. वेगवेगळ्या घरांतून आलेल्या या सगळ्यांना एकच परवलीचा शब्द कळला पाहिजे, आणि त्याची किल्ली दुसऱ्या देशाच्या हाती असून चालणार नाही. म्हणून आयएफएफ देशातच बनवण्यावर आपला भर राहिला आहे. बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स हे काम करते. मला हा खर्च लढाऊ विमान विकत घेण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, जरी त्याचे फोटो वर्तमानपत्रात येत नाहीत.

मोड ४ ची जागा आता पश्चिमी देशांमध्ये मोड ५ ने घेतली आहे. त्यात गुप्त गणिताला घड्याळ जोडलेलं आहे. चोरून साठवलेलं उत्तर थोड्याच वेळात शिळं होतं. त्यात आणखी एक सोय आहे, आणि बडगाम डोक्यात ठेवून वाचलं तर ती काळजाला भिडते. वैमानिकाने शत्रूला सुगावा लागू नये म्हणून आपलं यंत्र गप्प केलेलं असतं. क्षेपणास्त्र सोडण्याआधी मारा करणारा एक वेगळा, शेवटचा प्रश्न पाठवतो. हा प्रश्न खऱ्या किल्लीने आला आहे असं पटलं, की गप्प केलेलं यंत्रही वैमानिकाला न विचारता उत्तर देतं: थांबा, मी तुमचाच आहे. त्यासाठी यंत्र नुसतं गप्प केलेलं असावं लागतं. त्याची वीजच तोडलेली असेल, तर तो शेवटचा प्रश्नही त्याला ऐकू जात नाही.